पहिला डीएसएलआर घेताना: दुकानात जाण्याआधी, दुकानात आणि घरी आल्यावर

२०१७ च्या गणपतीआधी मी पहिला डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला आणि लेन्स बदलता येणारा कॅमेरा घेतला: निकॉन डी३४००. तीन महिन्यांनी त्याच्यासाठी ५० मिमीची लेन्स घ्यायला गेले. दुकानदार म्हणाला, "निकॉनचीच आहे ताई, बसेल." बसली. पण घरी येऊन बघते तर फोकसच होईना. त्या जुन्या मालिकेतल्या लेन्समध्ये फोकसची मोटर नसते, ती कॅमेऱ्याच्या बॉडीत, म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यात, असावी लागते. आणि डी३४०० च्या बॉडीत ती नाही. दुकानदाराने लेन्स परत घेतली नाही. पुढे भाऊ, दोन मैत्रिणी आणि ऑफिसातल्या काही जणांसोबत मी कॅमेरा घ्यायला गेले. दर वेळी तेच प्रश्न निघाले आणि लोक त्याच जागी अडकले. म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहिते आहे.

१. आधी कशाचे फोटो काढायचे ते कागदावर लिहा

"सगळ्याचेच" हे उत्तर चालणार नाही. पुढच्या सहा महिन्यांत तुम्ही खरोखर कुठे जाणार आहात, ते लिहा. घरातलं लहान मूल? ट्रेकला जाऊन गडकिल्ले? भिगवणला उजनीच्या पाण्यावर येणारे रोहित पक्षी? कासच्या पठारावरची फुलं? आरती आणि विसर्जनाची मिरवणूक?

या प्रत्येकाची गरज वेगळी आहे. पक्ष्यांना किमान ३०० मिमीची लेन्स लागते, आणि तीही सुरुवात म्हणून (मिमीचा आकडा मोठा, तेवढं दूरचं जवळ दिसतं). फुलांना अगदी जवळून फोकस करणारी लेन्स हवी. घरातल्या ट्यूबलाइटच्या उजेडात धावणाऱ्या मुलासाठी भरपूर प्रकाश आत घेणारी लेन्स हवी. अजिंठ्याच्या चित्रांच्या लेण्यांत फ्लॅश वापरायला बंदी आहे, म्हणजे तिथेही तीच लेन्स उपयोगी. गडकिल्ल्यांना मात्र सोबत येणारी साधी किट लेन्स पुरते. तिथे वजन महत्त्वाचं.

या यादीत कॅमेऱ्याच्या बॉडीचा उल्लेख आला नाही, हे लक्षात घ्या. बॉडी चार-पाच वर्षांत जुनी होते, चांगली लेन्स पंधरा वर्षं साथ देते. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे: पैसे वाटताना लेन्सचा वाटा आधी बाजूला काढा, उरेल त्यात बॉडी बसवा.

२. डीएसएलआरच हवा का, ते ठरवा

२०२० नंतर कॅनन आणि निकॉन यांनी एकही नवा डीएसएलआर आणलेला नाही. दोघांचाही सगळा जोर आता मिररलेसवर, म्हणजे आरसा नसलेल्या, दृश्य स्क्रीनवर दाखवणाऱ्या कॅमेऱ्यांवर आहे. मग आज डीएसएलआर घ्यायचा कशाला?

तुम्ही मुख्यतः व्हिडिओ किंवा रील करणार असाल तर घेऊ नका. मिररलेस त्यात फार पुढे आहे. माणसाचा डोळा शोधून त्यावर फोकस धरून ठेवणं त्याला सहज जमतं.

पण बजेट मोजकं असेल आणि फोटो काढायला शिकायचं असेल, तर डीएसएलआर आजही चांगला सौदा आहे. हजारो लोक मिररलेसकडे वळल्यामुळे त्यांचे सुस्थितीतले डीएसएलआर आणि लेन्स बाजारात आल्या आहेत. बॅटरीही टिकते: निकॉन डी३५०० ची बॅटरी कंपनीच्या मोजणीनुसार एका चार्जवर १५५० फोटो देते. दोन दिवसांच्या ट्रेकला चार्जर घरी राहिला तरी चालतो. आणि आरशावरून उलटून थेट डोळ्यात येणारं दृश्य बघत फोटो काढण्यात जो आनंद आहे, तो मला स्क्रीनमध्ये मिळत नाही.

लेन्सवर घातलेले पैसेही वाया जात नाहीत. कॅननच्या डीएसएलआर लेन्स अडॅप्टर लावून त्यांच्या नव्या मिररलेसवर नीट चालतात. निकॉनच्या मोटर असलेल्या लेन्सचंही तसंच.

३. कंपनी निवडा, म्हणजेच माउंट निवडा

माउंट म्हणजे बॉडीवर लेन्स बसते ती कडी. कॅननची लेन्स निकॉनला बसत नाही, निकॉनची कॅननला नाही. म्हणून पहिल्या बॉडीसोबत तुम्ही पुढच्या सगळ्या लेन्सचा मार्ग ठरवता. फोटोचा दर्जा यावर ठरवू नका, त्यात दोघांत फरक शोधावा लागेल इतका कमी आहे. त्यापेक्षा या तीन गोष्टी बघा:

- घरात, मित्रांत किंवा ओळखीच्या फोटोग्राफरकडे कुठल्या कंपनीच्या लेन्स आहेत. उसनी लेन्स मिळणं ही शिकणाऱ्यासाठी मोठी सोय असते.
- तुमच्या शहरात किंवा जवळच्या जिल्ह्याच्या ठिकाणी कुणाचं अधिकृत सर्व्हिस सेंटर आहे.
- हातात कोणता नीट बसतो. माझ्या एका मैत्रिणीने यादी करून एक मॉडेल पक्कं केलं होतं. दुकानात हातात घेतल्यावर करंगळी खाली लोंबकळत राहिली, आणि तिने दुसरा घेतला. तिचा निर्णय बरोबर होता.

हातात घेऊन बघायला मुंबईकरांनी फोर्टातल्या बोरा बाजार रस्त्यावर जावं. सीएसएमटीहून चालत जाता येतं आणि कॅमेऱ्याची दुकानं एकमेकांना लागून आहेत. पहिल्या दिवशी पैसे घेऊन जाऊ नका. नुसते बघून या.

४. बॉडीचे कोणते आकडे बघायचे, कोणते सोडायचे

मेगापिक्सेल सोडून द्या. सुरुवातीच्या बहुतेक कॅमेऱ्यांत २४ आहेत, म्हणजे ६००० × ४००० ठिपके. त्यातून २० इंच लांबीची झकास प्रिंट निघते. घरात याहून मोठी फ्रेम लावणारे किती जण असतील?

सेन्सरही (फोटो टिपणारी आतली चिप) या पातळीवर जवळजवळ एकाच आकाराचे असतात, निकॉनचा २३.५ × १५.६ मिमी, कॅननचा किंचित लहान. हा सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असल्यामुळे दृश्य कापलं जातं: ५० मिमीची लेन्स निकॉनवर ७५ सारखी, कॅननवर ८० सारखी वागते. पक्ष्यांसाठी हे फायद्याचं, घरातल्या छोट्या खोलीत गैरसोयीचं.

खरा फरक पडतो तो इथे:

*कॅनन ३०००डी.* सगळ्यात स्वस्त म्हणून दुकानदार हाच पुढे करतात. लेन्स बसते ती कडी प्लास्टिकची आहे, सेन्सर झटकून स्वच्छ करण्याची सोय नाही, आणि चष्म्याच्या नंबरप्रमाणे व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) जुळवायचं चाकही नाही. चष्मा काढून फोटो काढणाऱ्याला सगळं धूसर दिसेल. मी हा कुणालाही सुचवत नाही.

*कॅनन १५००डी.* २०१८ चा, २४ मेगापिक्सेल, ९ फोकस पॉइंट (चौकटीतल्या ज्या जागांवर कॅमेरा आपोआप फोकस करू शकतो). साधा, भक्कम, शिकायला पुरेसा. स्क्रीन बघून फोटो काढायची सवय असेल तर कंटाळाल, त्या पद्धतीत याचा फोकस संथ आहे. अमेरिकेत हाच रेबेल टी७ आणि युरोपात २०००डी नावाने विकला जातो. तिकडच्या नातेवाइकांकडून मागवताना नावाने गोंधळू नका.

*कॅनन २००डी मार्क २.* वजन साधारण ४५० ग्रॅम, स्क्रीन उलगडून फिरवता येते, बोटाने फोकस होतो, बाहेरचा माइक लागतो. घरात मूल असलेल्यांना मी हाच सांगते. मात्र डोक्यावर फ्लॅश लावायच्या खाचेत मधली गोल टिकली नाही, त्यामुळे इतर कंपन्यांचे बरेच स्वस्त फ्लॅश आणि ट्रिगर (दूर ठेवलेला फ्लॅश उडवणारं उपकरण) त्यावर चालत नाहीत. पुढे लग्नाची कामं घ्यायचा विचार असेल तर हे आत्ताच ध्यानात घ्या.

*निकॉन डी३५००.* हलका, बॅटरी दमदार, ११ फोकस पॉइंट. माइकची खाच नाही, वायफाय नाही, फोटो ब्लूटूथने मोबाइलवर जातात. *डी५६००* मध्ये ३९ फोकस पॉइंट, फिरणारी टचस्क्रीन आणि माइकची सोय आहे. वापरलेला पण सुस्थितीतला मिळाला तर डी३५०० पेक्षा हाच घ्या.

५. लेन्स: इथे घाई करू नका

सोबत येणारी १८-५५ किट लेन्स टाकाऊ आहे असं बरेच जण सांगतील. ऐकू नका. पहिले तीन-चार महिने तिच्यावरच काढा. तुम्ही १८ वर जास्त राहता की ५५ वर, हे तुमचे फोटोच सांगतील, आणि पुढची लेन्स कोणती ते त्यावरून ठरेल.

तिची खरी अडचण अंधारात येते. पूर्ण झूम केल्यावर तिचं अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं छिद्र, ५.६ च्या पलीकडे उघडत नाही (आकडा लहान, तेवढं छिद्र मोठं). १.८ अ‍ॅपर्चरची प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स त्याच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. आरतीच्या निरांजनात उजळलेला आजीचा चेहरा किट लेन्सने हललेला आणि कणीदार येतो, प्राइमने स्वच्छ येतो. कॅननवर ५० मिमी १.८ एसटीएम आणि निकॉनवर ३५ मिमी १.८ डीएक्स या माझ्या मते पहिल्या खरेदीच्या लेन्स.

आता माझी चूक टाळा. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांतल्या बॉडींना फोकसची मोटर नाही. लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेलं असेल तरच घ्या. नुसतं एएफ आणि शेवटी डी असेल तर फोकस हाताने करावा लागेल. आणखी एक बारीक फरक: एएफ-पी लेन्स डी३१००, डी३२०० सारख्या जुन्या बॉडीवर फोकस करत नाहीत. जुनी बॉडी आणि नवी लेन्स वेगवेगळ्या ठिकाणांहून घेताना ही जोडी आधी तपासा. कॅननवाल्यांना ही चिंता नाही, मोटर लेन्समध्येच असते.

डबल किट, म्हणजे १८-५५ सोबत दुसरी लांबची झूम, पहिल्या यादीत पक्षी किंवा खेळ असतील तरच घ्या. आमच्या ऑफिसात तिघांच्या कपाटात ती दुसरी लेन्स खोक्यातच आहे.

६. वापरलेला घेताना

इथे वेळ द्या. किमान एक तास, दिवसाच्या उजेडात, समोरासमोर. "मी सैन्यात आहे, बदली झाली, कुरियरने पाठवतो, आधी थोडे पैसे टाका" अशी जाहिरात दिसली तर तिथेच थांबा, ही फसवणुकीची जुनी पद्धत आहे. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

सोबत न्या: स्वतःचं रिकामं एसडी कार्ड, टॉर्च, वर्तमानपत्राचं पान, लॅपटॉप किंवा कार्ड वाचणारा मोबाइल.

लेन्सपासून सुरू करा. दोन्ही झाकणं काढून मागून टॉर्च मारा आणि समोरून तिरकं बघा. एखाद-दुसरा धूलिकण चालतो. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी, आपल्याकडे सगळे तिला फंगस म्हणतात. कितीही स्वस्त असली तरी ती लेन्स घेऊ नका. झूमची रिंग दोन्हीकडे फिरवा. कुठे अडकते का, वाळू घासल्यासारखा आवाज येतो का? कोकणातल्या किनाऱ्यावर वापरलेल्या लेन्सला हा आवाज मी दोनदा ऐकला आहे.

मग सेन्सर. अ‍ॅपर्चर १६ किंवा २२ वर न्या, फोकस हाताने बिघडवा आणि मोकळ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. फोटो मोठा करून बघितल्यावर करडे डाग म्हणजे धूळ, ती साफ होते. मोठा वेडावाकडा ओरखडा असेल तर उठून या. झाकण लावूनही एक फोटो काढा. काळ्यात लाल-निळे ठिपके चमकले तर भाव पाडून मागा.

शटर १/४००० वर (सेकंदाचा चार हजारावा भाग) लावून उजळ भिंतीचे पाच-सहा फोटो घ्या. एका बाजूला काळी पट्टी येत असेल तर शटर थकलं आहे. शटर किती वेळा उडालं तो आकडा निकॉनच्या मूळ जेपीईजी फोटोतच नोंदलेला असतो आणि तपशील वाचणाऱ्या काही मोफत अ‍ॅपमध्ये दिसतो. कॅननच्या या मॉडेलांत तो फोटोत नसतो, केबल लावून सॉफ्टवेअरने काढावा लागतो. विकणारा ते करू देत नसेल तर मनात नोंद घ्या. या वर्गातलं शटर साधारण एक लाखाच्या हिशेबाने धरतात. २५ हजारांच्या आत असेल तर निर्धास्त घ्या, ८० हजारांच्या वर असेल तर नको. लग्नाच्या कामातून आलेल्या कॅमेऱ्यात हा आकडा झपाट्याने वाढलेला असतो, बाहेरून तो कितीही चकचकीत दिसो.

वर्तमानपत्र टेबलावर पसरून तिरक्या कोनातून एका मथळ्यावर फोकस करा. स्पष्ट अक्षरं त्याच मथळ्याची आली पाहिजेत, पुढच्या-मागच्या ओळीची नकोत. मग प्रत्येक बटण, प्रत्येक चाक, फ्लॅश, कार्डाची खाच, बॅटरीचं झाकण. बॅटरी काढताना घट्ट अडकत असेल तर ती फुगली आहे, नवीचे पैसे वजा करा.

शेवटी बॉडीच्या तळाचा अनुक्रमांक खोक्यावरच्या आणि बिलावरच्या अनुक्रमांकाशी जुळवा. जुळला नाही तर तो कॅमेरा चोरीचा असू शकतो. स्वस्त म्हणून मन वळवू नका.

७. कागदपत्रं

नवा घेताना:

- तुमच्या नावाचं जीएसटीसह पक्कं बिल, त्यावर बॉडी आणि लेन्स दोन्हींचे अनुक्रमांक. कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे. "बिलाशिवाय कमीत देतो" म्हणाले तर वॉरंटी गेली असं समजा.
- खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि सर्व करांसह एमआरपी छापलेलं लेबल. ते नसेल तर माल ग्रे मार्केटचा, म्हणजे कंपनीच्या अधिकृत मार्गाने न आलेला आहे, भारतातली कंपनीची वॉरंटी मिळणार नाही. "दुकानाची वॉरंटी" ही त्या दुकानापुरतीच.
- शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड. कंपनीच्या संकेतस्थळावर नोंदणी त्याच आठवड्यात करा.
- हप्त्यांवर घेत असाल तर पॅन, आधार आणि बँकेचा तपशील.

खोकं तुमच्यासमोर उघडायला सांगा आणि आत काय असायला हवं ती यादी खोक्यावरूनच वाचा. मूळ बॅटरी काढून दुसऱ्या कंपनीची ठेवलेली मी पाहिली आहे. दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

वापरलेला घेताना मूळ बिल, विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि त्याच्या सहीची साधी पावती: तारीख, रक्कम, अनुक्रमांक. एका कागदावर दोन मिनिटांत होतं.

८. सोबतच्या वस्तू, आणि पावसाळा

समजा हाताशी ४०,००० आहेत. त्यातले ५-६ हजार या वस्तूंसाठी आधीच बाजूला ठेवा: ३२ किंवा ६४ जीबीची दोन चांगल्या कंपनीची एसडी कार्डं, हवा मारायचा रबरी फुगा, मऊ कापड, पाऊस-धूळ झेलणारी बॅग. ट्रायपॉड नंतर. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत तो लावायला तशीही परवानगी लागते. लेन्सपुढचा 'संरक्षक' फिल्टर दुकानदार हमखास गळ्यात मारतो. स्वस्त फिल्टर चांगल्या लेन्सपुढे ठेवणं मला पटत नाही, हूड (लेन्सच्या तोंडाला लागणारं कडं) लावा. कार्ड मात्र नकली निघू शकतं, म्हणून पहिल्याच दिवशी पूर्ण भरून, सगळे फोटो उघडतात का बघा.

आता पावसाळा. आमचं घर चिपळूणचं. माझी ७०-३०० लेन्स एका वर्षी जूनमध्ये बॅगेत घालून कपाटात ठेवली ती ऑक्टोबरात काढली. आतल्या काचेवर जाळी पसरली होती. दुरुस्तीवाल्याने उघडून पुसून दिली, पण फोटोंतला तजेला परत आला नाही. कापडी बॅग ओल धरून ठेवते. अंधार आणि ओल मिळाली की बुरशीला आणखी काही लागत नाही.

उपाय महाग नाही. रबरी कडेचा हवाबंद प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल मीटर. आकडा ४० ते ५० च्या दरम्यान ठेवा. ६० च्या वर गेला की जेल बदला, फार खाली गेलं तर रबर आणि वंगण सुकतात. रंग बदलणारं जेल घ्या, म्हणजे कधी गरम करून पुन्हा कोरडं करायचं ते कळतं. तांदळात कॅमेरा ठेवू नका, त्याची पूड आत जाते. आणि महत्त्वाचं: पावसाळ्यातही आठवड्याला एकदा कॅमेरा बाहेर काढून उजेडात दहा-वीस फोटो काढा. कोकण, गोवा, घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी हा डबा कॅमेऱ्यासोबतच, त्याच दिवशी घ्यावा.

९. पहिला आठवडा

बदलून देण्याची मुदत दुकानाला बिलावर लिहायला सांगा आणि ती संपण्याआधी कॅमेरा भरपूर वापरा. सहाव्या पायरीतल्या चाचण्या नव्या कॅमेऱ्यावरही करा, धूळ आणि फोकसच्या तर नक्की. मोड डायल पहिल्या दिवसापासून ए (निकॉन) किंवा एव्ही (कॅनन) वर ठेवा, म्हणजे अ‍ॅपर्चर तुम्ही ठरवाल आणि शटर कॅमेरा. घरातली एकच वस्तू, तुळशीवृंदावन म्हणा, खिडकीतली कुंडी म्हणा, वेगवेगळ्या अ‍ॅपर्चरवर सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला टिपा. शटर १/६० च्या खाली गेलं की फोटो हलतो, हे दुसऱ्या दिवशीच हाताला कळेल. तेव्हा आयएसओ, म्हणजे प्रकाशाला कॅमेऱ्याची संवेदनशीलता, १६०० पर्यंत बिनधास्त वाढवा. कणीदार फोटो चालतो, हललेला दुरुस्त होत नाही. खोकं, त्यातला थर्माकोल आणि बिल मुदत संपेपर्यंत फेकू नका.